घाम, राग आणि तीन चमचे साखर

आमच्या आजोळी, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या मानवतला, 'मधुमेह' असं कुणी म्हणत नाही. 'शुगर आहे' म्हणतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन येतो आणि आधी विचारतो, "शुगर आहे का?" शुगर वाढली की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात. शुगर उतरली की आनंदीआनंद. तपासणी करून आलेला माणूस आकडा असा सांगतो जणू दहावीचा निकाल लागलाय. फक्त इथे कमी मार्क म्हणजे चांगले, आणि जितके कमी तितके अजून चांगले, असा एकूण समज.

आज लिहायचं आहे ते या शेवटच्या समजाबद्दल. कमी होण्यालाही एक तळ असतो. वाढलेली साखर सहसा वर्षानुवर्षं सावकाश कुरतडते.. डोळे, किडनी, पायाच्या नसा. उतरलेली साखर मात्र मिनिटांचा हिशोब करते. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की घराघरात वाढलेल्या साखरेची इतकी धास्ती बसली आहे की उतरलेली साखर समोर उभी असली तरी ओळखू येत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण घरात दोन्ही बाजूंनी शुगर असल्यामुळे गेली काही वर्षं हा विषय वाचतोय, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडतोय. त्यातून जे समजलं ते सरळ मांडतो. आणि हा काही चार घरांचा प्रश्न नाही. आयसीएमआरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतात मधुमेह असलेल्यांचा अंदाज १० कोटी १० लाख इतका आहे. यातले कितीतरी जण साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात. म्हणजे साखर जास्तच उतरण्याची शक्यता तितक्या घरांत आहे.

आधी आकडे. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती 'कमी' धरायची आणि लगेच काहीतरी करायचं. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. आणि माणसाला स्वतःला सावरता येत नाही, दुसऱ्याची मदत लागते, अशी अवस्था आली तर मग आकडा काहीही असो, ती इमर्जन्सी.

शरीर हे कसं कळवतं? दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात ॲड्रेनालिन धावून येतं. थंड घाम, हातांना कंप, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक, उगाचच घाबरल्यासारखं. हा झाला भोंगा. तरीही साखर मिळाली नाही तर दुसरा टप्पा, मेंदूची उपासमार. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा शरीर खर्च करतं त्यातली जवळजवळ पाचवा हिस्सा ऊर्जा हा एकटा खातो. आणि साठवणीच्या नावाने ठणठण गोपाळ. रक्तातून येईल तेवढीच शिदोरी. ती आटली की माणूस चिडतो, हट्टाला पेटतो, बोलताना अडखळतो, साध्या बेरजा चुकतो, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, तोल जातो, कधी एक हात-पाय लुळा पडून थेट अर्धांगवायू वाटावा असंही होतं. त्यापुढे झटके आणि बेशुद्धी.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. सर्व्हर चालू आहे की बंद पडलाय हे बघणारा प्रोग्राम त्याच सर्व्हरवर ठेवत नाहीत. कारण सर्व्हर झोपला की पहारेकरीही झोपला, आणि तुमच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार. साखर उतरण्याचं नेमकं हेच दुखणं आहे. "मला काहीतरी होतंय" हे ओळखणारा अवयव मेंदू, आणि उपाशी पडतो तोही मेंदूच. म्हणून उतरलेली साखर ओळखायचं काम ज्याला शुगर आहे त्याच्यावर सोपवून चालत नाही. पहारेकरी बाहेर हवा. बायको, मुलगा, शेजारी, दुकानातला गडी, बसचा कंडक्टर, कुणीही.

माझ्या मामांच्या बाबतीत तो पहारेकरी एक हमाल निघाला.

मामा मानवतच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. मानवत म्हणजे कापसाचं गाव. दिवाळी झाली की टेम्पो आणि ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात आणि मामांना मान वर करायला फुरसत नसते. २०२२ ची कार्तिकी एकादशी अशीच ऐन गर्दीत आली. मामा तेव्हा ६८ वर्षांचे. सकाळी उठून नेमाने शुगरची गोळी घेतली (गोळी चुकवायची नाही हा मामींचा कडक नियम), वर बिनसाखरेचा चहा, आणि फराळ दुपारी घरी आल्यावर करायचा ठरवून बाहेर पडले. साडेअकराच्या सुमारास मामा एका शेतकऱ्यावर खेकसले. मग पावतीची बेरीज चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली. ज्यांना मी आयुष्यात कॅल्क्युलेटर वापरताना बघितलं नाही, त्यांची बेरीज दोनदा चुकली! आसपासच्यांना वाटलं, एकादशी डोक्यात गेली. एकाने तर हळूच दुसरीच शंका काढली, मामा आयुष्यात कधी प्यायले नाहीत तरी.

तेवढ्यात तिथला एक हमाल जवळ आला. "मुनीमजी, सदरा पाहा तुमचा. निथळायलाय." बाकी कुणाला घाम नव्हता. त्याच्या आईला इन्सुलिन चालू होतं, आणि गावातल्या आशाताईंनी त्याला घरी बसवून हे सगळं समजावलं होतं. तो चहाच्या टपरीवर गेला, ग्लासात साखर ढवळून पाणी घेऊन आला. आणि मामा काय म्हणाले? "मला शुगर हाय, आन् तू साखर द्यायलास? मारतो का मला?"

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय. आपल्या समाजाला शुगरबद्दल जेवढं शिकवलं गेलंय ते सगळं या एका वाक्यात आहे. हमाल म्हणाला, "आधी प्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या." आणि जवळजवळ धरूनच पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत मामा ताळ्यावर आले. नंतर फोनवर मला सांगत होते, "घरातली लाईट आल्यावानी झालं बघ." शेतकऱ्यावर ओरडल्याचं मात्र त्यांना आठवतच नव्हतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. घरी येऊन मामांनी भगर-आमटी खाल्ली, झोपले, आणि चारच्या सुमारास पुन्हा घाम. मामींनी मशीनवर बघितलं तर ५८. पुन्हा साखर-पाणी, आणि मग कुणाचं न ऐकता सरळ गाडी करून परभणी. तिथे डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि किडनीची तपासणी केली. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं.

असं का होतं? शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ती साखर सहसा धोक्याइतकी उतरवत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. तुम्ही जेवलात की नाही याची गोळीला काही फिकीर नसते. शिवाय म्हातारपणात किडनी मंदावली की काही गोळ्या आणि त्यांचे अंश शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, आणि दुपारी सावरलेली साखर संध्याकाळी किंवा रात्री पुन्हा घसरते. म्हणून या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर 'आता बरं वाटतंय' एवढ्यावर विषय संपवायचा नाही. डॉक्टरांना दाखवायचं, आणि पुढचा दिवसभर तरी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. मामांची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. त्यानंतर तसा प्रकार झालेला नाही.

बरं, आता उपाय. हा उपाय इतका स्वस्त आहे की कुणाचा विश्वास बसत नाही. माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो आहे, तर १५ ग्रॅम साखर. घरगुती मापात चहाचे तीन चमचे, अर्धा ग्लास पाण्यात ढवळून. किंवा तितकीच ग्लुकोज पावडर. किंवा अर्धा ग्लास साधं गोड कोल्ड्रिंक ('डाएट' लिहिलेलं नव्हे, त्यात साखरच नसते). मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग भाकरी, पोळी, भात, जे असेल ते नीट खायचं, कारण साखर-पाणी जसं झटकन चढतं तसं झटकन उतरतं.

यात तीन खाचाखोचा आहेत.

पहिली, पेढा, बर्फी, चॉकलेट नको. गोड आहे खरं, पण त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, आणि आपल्याकडे उशीर करायला वेळ नाही. गूळ चालतो, पण खडा चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळवून.

दुसरी, गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं नाव असेल (आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यात व्होग्लिबोज बरेचदा असतं), तर नेहमीची साखर नीट काम करत नाही. हे औषध पोटात साखरेचं विघटनच लांबवतं. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. आज गोळीचं पाकीट उलटून नाव वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी, मशीन नसेल, सापडत नसेल, सेल संपले असतील तर शोधत बसू नका. घाम आणि विचित्र वागणं दिसतंय आणि माणूस शुगरच्या औषधावर आहे, एवढं पुरे. साखर द्या. समजा निदान चुकलं आणि साखर आधीच जास्त होती, तर तीन चमच्यांनी घडीभरात फार काही बिघडत नाही. उलट चूक झाली तर बिघडतं. आणि मशीनवर आकड्याऐवजी 'लो' आलं तर मशीन खराब झालेलं नाही. बऱ्याच मशीनवर त्याचा अर्थ साखर २० च्याही खाली आहे असा असतो.

माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर मात्र नियम उलटा. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन लावायचा, आणि फोनवर 'शुगरचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज देतात आणि पुष्कळदा माणूस बघता बघता डोळे उघडतो. ग्लुकॅगॉन नावाचं इंजेक्शनही असतं, घरच्यांनाही देता येतं, पण आपल्याकडे गावोगावी ते सहज मिळत नाही. आणि 'शुगर वाढली असेल' म्हणून बेशुद्ध माणसाला घरी इन्सुलिन टोचू नका. हे लिहायला लागू नये, पण लिहून ठेवतो.

मानवतहून परभणीला जायला गाडीने अर्धा-पाऊण तास तरी लागतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतील तर जास्तच. म्हणजे पहिली पंधरा मिनिटं डॉक्टरांची नाहीतच. ती घरच्यांची किंवा जवळ असेल त्याची.

आता भोंगा वाजतच नाही अशा काही वेळा. एक म्हणजे ज्याची साखर वारंवार उतरते त्याच्या शरीराला त्याची सवय होते आणि पहिला टप्पा, तो घाम-कंप, गायब होतो. माणूस थेट बरळायला लागतो. (ऑफिसात रोज पन्नास अलर्ट आले की एकावन्नावा कुणी बघत नाही, तसंच.) यातली बरी बाजू अशी की काही आठवडे साखर अजिबात उतरू दिली नाही तर भोंगा पुष्कळदा पुन्हा वाजायला लागतो. दुसरं म्हणजे रक्तदाबाच्या काही गोळ्या, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा. त्या धडधड आणि कंप झाकून टाकतात. घाम मात्र सहसा झाकला जात नाही, म्हणून घामाकडे लक्ष. तिसरं, झोप. रात्री वाईट स्वप्नं, ओली बनियन, सकाळी जड डोकं, हे रोजचं झालं असेल तर एकदा रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर मोजून बघा. आणि चौथं, दारू. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की साठवलेली आणि नवी साखर सोडायचं काम मागे पडतं. वर तोंडाला वास येतोय, मग कोण म्हणणार साखर उतरली? 'पिऊन पडलाय' म्हणून लोक सोडून पुढे जातात.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, आणि ती माझ्यासारख्या इंजिनियरच्या अंगावर काटा आणणारी आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. आमच्या कॉलेजात हे उदाहरण हमखास सांगायचे. तोच बग आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४०. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पण १०० युनिटचं इन्सुलिनही मिळतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या मुलाने आई-बाबांसाठी प्रेमाने बाटल्या आणल्या तर त्या १०० च्याच असायच्या. ते इन्सुलिन घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. बस्स, एवढं बघायचं.

थोडं उपवासाबद्दल, कारण मानवतला त्याशिवाय वर्ष सरत नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, आणि आमच्या गल्लीच्या पलीकडे रमजान. उपवास करू नका असं सांगणारा मी कोण? पण गोळी तीच आणि जेवण नाही, हे गणित जुळत नाही. उपवासाच्या चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ, मात्रा ठरवून घ्यावी. मनाने बंदही करू नये. रोजा ठेवणाऱ्यांसाठी तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय की साखर ७० च्या खाली गेली की रोजा तिथेच सोडायचा, आणि आजाऱ्याला मुळात धर्मानेच सूट दिलेली आहे. विठोबाही रागावणार नाही असं मामी आता स्वतःच म्हणतात, म्हणजे तो प्रश्न सुटला.

राहता राहिली ती 'जितकी कमी तितकी बरी' ही समजूत. अमेरिका-कॅनडात दहा हजारांवर पेशंट घेऊन 'ॲकॉर्ड' नावाची एक मोठी चाचणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर (ती एचबीएवनसी) ६ च्या खाली नेण्यासाठी एका गटाला जोरदार औषधं दिली. त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. नेमकं कारण काय यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात, पण तेव्हापासून वयस्कर, इतर आजार असलेल्या लोकांसाठी डॉक्टर जरा सैल आकडा धरतात. कुणाला ८ सुद्धा चालतं. तेव्हा ७५ वर्षांच्या आजोबांचा आकडा ५.८ आला तर पेढे वाटण्याआधी (वाटूच नका म्हणा) डॉक्टरांना विचारा, 'एवढं औषध अजून लागतं का?'

मामींना मी एक कागद लिहून दिलाय. तो त्यांनी फ्रीजवर चिकटवलाय, आणि मामांनी त्याची एक झेरॉक्स अडतीवर गल्ल्याच्या आतल्या बाजूला लावली आहे. त्यावर एवढंच आहे:

घाम आला, विनाकारण राग आला, बोलणं किंवा हिशोब चुकला: आधी साखर, मग बाकी.
'मला शुगर आहे, साखर नको' म्हणाले तरी द्यायची.
तीन चमचे, अर्धा ग्लास पाणी, पंधरा मिनिटं. मग जेवण.
बेशुद्ध असतील तर तोंडात काही नाही. कुशीवर. १०८.

यातली दुसरी ओळ लिहून झाल्यावर मामी जरा हसल्या. मामा मात्र हसले नाहीत. "तीच वर घे," म्हणाले, "पहिली कर." तेव्हा तुमच्या घरी कागद लावाल तर क्रम तसा ठेवा.